प्लेगचे कोडे आणि परळची प्रयोगशाळा

परळ येथील ज्या वास्तूत आज हाफकिन संस्था आहे, ती मूळची पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती मठाची. इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाली, तिच्या दिवाणखान्यांत दरबार आणि मेजवान्या झडू लागल्या, आणि १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीला तेथेच पटकीने मृत्यू आल्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड कायमचे मलबार टेकडीवर गेले. पुढे १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते याच वाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळेची स्थापना झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिच्या छपराखाली आणि आवारात जे कार्य घडले त्याची गणना वैद्यकाच्या इतिहासातील थोर कार्यांत होते. परंतु ते सांगताना आपण बहुधा प्लेगची लस तयार करणाऱ्या एकट्या हाफकिन यांचे चरित्र सांगून थांबतो आणि त्यामुळे त्यातला सर्वांत मोलाचा धडा नजरेआड होतो. प्लेगचा प्रसार कसा होतो हे कोडे सुटले ते निरनिराळ्या विद्यापीठांतून व संस्थांतून आलेल्या माणसांनी परस्परांचे म्हणणे एका जागी, एका पद्धतीने पारखून पाहण्याचे मान्य केले तेव्हा. तोवर जी वर्षे वाया गेली, त्यांत सत्य कोणाला दिसलेच नव्हते असे मुळीच नाही. ते दिसले होते, सांगितलेही गेले होते, पण ते पटवून घेण्याची आणि पटवून देण्याची व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मांडवी भागात, जेथे बंदरालगत धान्याच्या वखारी दाटीने उभ्या होत्या, तापाने माणसे दगावू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ येई, ताप चढे, वात होई आणि दोन-चार दिवसांत रोगी हातचा जाई. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई महापालिकेचे सभासद असलेले डॉ. अकासियु गाब्रियेल व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर रोजी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान जाहीर केले. व्यापारी नगरीत असे निदान उच्चारणे म्हणजे बंदराच्या उलाढालीवरच घाव घालणे होते, आणि म्हणून या सामान्य वाटणाऱ्या घोषणेमागचे धैर्य आपण विसरता कामा नये. काही महिन्यांतच शहराची जवळजवळ निम्मी वस्ती आगगाडीने, गलबतांनी आणि पायी बाहेर पडली. आणि बाहेर पडणाऱ्यांबरोबर रोगही कोकणात, देशावर, गुजरातेत आणि सिंधमध्ये जाऊन पोहोचला.

सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ओडेसा विद्यापीठात मेचनिकोव्ह यांचे शिष्य आणि नंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे संशोधक १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचीत फिरत होते. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत उतरले. ग्रँट महाविद्यालयाच्या पेटिट प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि तिच्यालगतची पडवी मिळाली. दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्या खोलीतील एक प्रयोग मुद्दाम जवळून पाहण्यासारखा आहे. प्लेगचे जंतू मांसाच्या रशात वाढवावयाचे, तर ते विपुल वाढले पाहिजेत आणि त्यांत दुसऱ्या जंतूंची भेसळ झालेली नाही याची खूण पटली पाहिजे. हाफकिन यांनी रशावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या तुपाच्या खालच्या बाजूस जंतूंची वाढ चिकटून राही आणि तेथून ती गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळ्यांसारखी रशात खाली उतरे. भांडे हलवले की हे सुळे तुटून तळाशी बसत आणि तुपाला नव्याने सुळे फुटत. प्लेगखेरीज अन्य जंतू असे वाढत नसल्यामुळे ओळखही पटे आणि पीकही पुनःपुन्हा निघे. मग तो रस तापवून जंतू मारीत व त्यात अल्प कार्बोलिक अम्ल घालीत. ही लस प्रथम सशांवर वापरून पाहिल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील जवळपास निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने टोचून घेतले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना रोग झाला व सहा जण मृत्यू पावले; टोचलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

लस हाती आली, पण रोग पसरतो कसा हे अद्याप कोणासच ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सँ आणि किटासाटो यांनी शोधला होता. तो जमिनीतून येतो, हवेतून येतो, धान्यातून येतो की रोग्याच्या कपड्यांतून, याविषयी जितके पंडित तितकी मते होती. १८९७ साली जगातील नामांकित विद्वानांची मंडळे एकामागून एक मुंबईस आली. जर्मनीचे गाफ्की, फायफर आणि मागाहून स्वतः रॉबर्ट कॉख; व्हिएन्नाच्या विज्ञान परिषदेने धाडलेले म्युलर, आल्ब्रेख्ट, गोन आणि प्योख; रशियाचे व्हिसोकोविच आणि झाबोलोट्नी; फ्लॉरेन्सहून लुस्टिग व गालेओत्ती; आणि पाश्चर संस्थेकडून नवा रक्तद्रव घेऊन आलेले येर्सँ. आर्थर रोड इस्पितळात डॉ. नसरवानजी चोक्सी या सर्वांना रुग्ण दाखवीत होते व निरनिराळ्या रक्तद्रवांचा परिणाम नोंदवीत होते. ग्रँट महाविद्यालयातील चाइल्ड यांनी याच सुमारास गाठ न येता थेट फुप्फुसांत होणाऱ्या प्लेगचे स्वरूप उलगडून दाखवले. इतकी विद्वत्ता एका शहरात एकाच हंगामात क्वचितच गोळा झाली असेल.

आणि तरीही तो सहकार नव्हता. प्रत्येक मंडळ आपले सरकार वा आपली संस्था यांच्या हुकुमाने आले, आपापल्या रीतीने शवचिकित्सा केली, नमुने बाटल्यांत भरले आणि अहवाल आपल्या भाषेत आपल्या राजधानीत छापला. त्यांच्या परिश्रमांविषयी किंवा निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्युलर यांनी मुंबईत अनेक रोग्यांची शुश्रूषा करून जे ज्ञान मिळवले, त्याची किंमत त्यांनी व्हिएन्नात चुकवली. १८९८ च्या ऑक्टोबरात तेथील प्रयोगशाळेच्या सेवकाला मुंबईहून आणलेल्या जंतूंचा संसर्ग झाला. त्याच्यावर उपचार करता करता म्युलर यांना प्लेग झाला, आणि ते व त्या सेवकाची परिचारिका असे दोघेही दगावले. असा त्याग करणारी माणसेही वेगवेगळी काम करीत राहिली तर एकाच्या चुकीची दुरुस्ती दुसऱ्याकडून होत नाही, आणि एकाला गवसलेला दुवा दुसऱ्याच्या साखळीत बसत नाही.

दरम्यान ज्ञानाच्या आधी सत्ता धावली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. अंमलदारांना घरात शिरण्याचे, रोग्याला उचलून नेण्याचे, सामान जाळण्याचे आणि घर पाडण्याचे अधिकार मिळाले, आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेताना जे वर्तन केले त्याचा शेवट २२ जून रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीत झाला, हा इतिहास महाराष्ट्रास पाठ आहे. त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह रोग्यांची सेवा करीत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. या दमनाची एक बाजू इतिहासात फारशी मांडली जात नाही. भीतीने लोक रोगी माळ्यावर दडवू लागले, मृतांची विल्हेवाट रातोरात लावू लागले, मृत्यूचे कारण भलतेच सांगू लागले. अर्थात ज्या नोंदींवरून रोगाची चाल समजावयाची त्या नोंदीच खोट्या ठरू लागल्या. रयतेचा विश्वास गमावलेल्या शास्त्राला पुरावाही मिळत नाही. शिवाय ज्यासाठी हा जुलूम झाला ते उपाय, म्हणजे भिंती रसकर्पुराच्या पाण्याने धुणे आणि जमिनीवर कार्बोलिक शिंपडणे, रोगाच्या खऱ्या वाहकाला बाधतच नव्हते.

तो वाहक मात्र एका माणसाला दिसला होता. पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ १८९७ साली येर्सँ यांच्या जागी आले. रोग्यांच्या पायावर कधी कधी बारीक फोड दिसतो आणि त्यात जंतू सापडतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तो फोड पिसवेच्या चाव्याचा असावा असा त्यांनी तर्क केला. २ जून १८९८ रोजी कराचीतील एका हॉटेलात, तात्पुरत्या मांडलेल्या प्रयोगात, काचेच्या मोठ्या बरणीत त्यांनी पिसवांसह एक प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि जाळीपलीकडे, स्पर्श होणार नाही अशा बेताने, एक निरोगी उंदीर. काही दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला. त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केले. १८९८-९९ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील औषधिशास्त्राचे प्राध्यापक टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने देशभर फिरून शेकडो साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि सिमाँ यांची उपपत्ती असंभवनीय म्हणून बाजूला सारली. कमिशनमधील माणसे सामान्य नव्हती. आल्मरॉथ राइट यांच्यासारखा अव्वल जंतुशास्त्रज्ञ त्यांत होता. परंतु जबान्या ऐकणे आणि प्रयोग पुन्हा करून पाहणे यांत जे अंतर आहे, ते या अहवालात स्पष्ट दिसते.

खेड्यापाड्यांतील लोकांना या वादाची कल्पनाही नव्हती. त्यांनी स्वतःचा नियम केव्हाच ठरवला होता. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, शिवारात किंवा माळावर झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही. कुमाऊँ-गढवालच्या डोंगराळ मुलुखात ही रीत त्याहूनही जुनी होती. पिसू त्यांना माहीत नव्हती, परंतु उंदराचे मरण आणि माणसाचे मरण यांच्यामधले थोड्या दिवसांचे अंतर त्यांनी अचूक हेरले होते. या अनुभवाला साक्षीदाराच्या जबानीपलीकडे, प्रयोगाच्या गृहीतकाचे स्थान मिळाले असते, तर कित्येक वर्षे वाचली असती.

पुढची आशा एका अपघाताने झाकोळली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. तिचे प्रमुख हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना हाताळणीत चूक झाली असण्याची शक्यता पुराव्यात असूनही ती गौण मानली गेली. या अन्यायाचे निराकरण झाले तेही विद्वानांच्या एकजुटीने. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' पत्रात लिव्हरपूलचे रोनाल्ड रॉस, बर्मिंगहॅमचे लीथ, केंब्रिजचे सिम्स वुडहेड, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे फ्लेक्सनर अशा दहा शास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र छापून आले. लस मुळात शुद्ध होती आणि दोष गावातच शिरला, हे त्यांनी सरकारी दप्तरातील पुराव्यानिशी दाखवले, आणि अखेर सरकारला हाफकिन यांना निर्दोष मानणे भाग पडले. एका समव्यवसायी शास्त्रज्ञाच्या प्रतिष्ठेसाठी इतक्या विद्यापीठांतील माणसांनी आपली नावे पणाला लावावीत, ही घटना त्या काळातही दुर्मीळ होती.

परळमध्ये तोवर विल्यम ग्लेन लिस्टन हा तरुण लष्करी डॉक्टर शांतपणे काम करीत होता. १९०३ च्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेतील गिनिपिग प्लेगने मेले, आणि त्यांच्या अंगावर त्याला ज्या पिसवा आढळल्या त्या गिनिपिगच्या नव्हत्या, उंदराच्या होत्या. यजमान मेल्यावर भुकेली पिसू दुसऱ्या कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्याकडे वळते, हे त्यावरून उघड झाले. मग प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग मोकळे सोडावयाचे आणि त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा गोळा करावयाच्या, अशी पद्धत लिस्टनने बसवली. ती पिसू नेमकी कोणती हे ठरविण्यास कीटकांचा जाणकार हवा होता. इंग्लंडातील चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी नुकतेच तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले होते. १९०४ साली लिस्टनने आपले निष्कर्ष कोणापुढे मांडले, तर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे, पक्षी-प्राणी-कीटक यांच्या अभ्यासकांपुढे, आणि तेथेच ते छापून आले. वैद्यकाला जे दार दिसत नव्हते ते निसर्गाभ्यासकांच्या ओसरीवरून दिसले.

आणि आता, १९०५ साली, खऱ्या सहकाराचा आरंभ झाला. भारतमंत्र्यांचे खाते, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर संस्था यांची संयुक्त सल्लागार समिती स्थापन झाली. मेलबर्न विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवून आलेले लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन यांनी स्वतः मुंबईस येऊन कार्याची आखणी केली. परळमध्ये जे कार्यकारी मंडळ बसले त्यात लॅम्ब, लिस्टन, पेट्री, रोलंड आणि ग्लॉस्टर होते, आणि त्यांच्याबरोबर केशव पै, मानकर, रामचंद्रियर व अवारी हे हिंदी डॉक्टरही होते. या चौघांची नावे अहवालाच्या शेवटच्या ओळीत येतात आणि आपल्या स्मरणात तर येतच नाहीत. तथापि उष्ण, कोंदट चाळींतून, मेलेल्या उंदरांच्या मागावर, ज्या घरात नुकताच माणूस गेला आहे त्या घरच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलून पुरावा गोळा करण्याचे काम अशा माणसांवाचून होणे शक्य नव्हते.

या मंडळाच्या प्रयोगांची मांडणी आजही आदर्श वाटते. परळच्या आवारात त्यांनी सहा छोट्या कोठ्या बांधल्या, त्यांपैकी काहींवर देशी नळीची कौले, काहींवर मंगळुरी कौले आणि काहींवर पत्रे. छपराखाली तारेची जाळी ताणली, जेणेकरून वर राहणारे उंदीर खाली येऊ शकणार नाहीत, पण त्यांच्या पिसवा मात्र जाळीतून गळतील. खाली गिनिपिग ठेवले. देशी कौलांच्या छपरात उंदीर मनसोक्त नांदतात, पत्र्याखाली त्यांना थारा मिळत नाही. आणि कोठीत जितक्या पिसवा, तितका प्लेगचा फैलाव, हे प्रमाण दिवसेंदिवस नोंदीत उतरू लागले. आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, त्यांची घाण काढली नाही, पण पिसवा येऊ दिल्या नाहीत, तर रोग पसरला नाही. मग पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनिपिगला प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेला वाचला, कारण पिसू काही इंचांपलीकडे उडी घेऊ शकत नाही. रोग हवेतून येत असता तर दोन इंच आणि दोन फूट यांत काय फरक होता? प्लेग झालेल्या घरांत त्यांनी माकडे व गिनिपिग पिंजऱ्यांत ठेवले, काही पिंजऱ्यांभोवती चिकटा लावलेल्या कागदाची पट्टी पसरली. उघड्या पिंजऱ्यांत रोग शिरला, आणि चिकट पट्टीवर अडकलेल्या पिसवांच्या पोटांत प्लेगचे जंतू सापडले.

त्याबरोबरच शहरातील उंदरांची जणू खानेसुमारी चालू होती. एका वर्षात एक लाखाहून अधिक उंदीर कापून तपासले गेले. प्रत्येकाची जात, पकडल्याची जागा व तारीख नोंदली गेली. शीव, वडाळा, परळ आणि वरळी येथील वस्त्यांचा घर न् घर तपास झाला. गटारातील तपकिरी उंदरांत साथ प्रथम उसळते, सुमारे दहा दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांत, ही चाल नकाशावर टिंबाटिंबाने उमटली. खेड्यातील शेतकऱ्याने जे अंतर ओळखून झोपडी बांधली होती, तेच अंतर आता आकड्यांत आले. हे सारे अहवाल १९०६ पासून, केंब्रिजच्या जॉर्ज नटॉल यांनी स्थापलेल्या आरोग्यशास्त्राच्या त्रैमासिकातून, प्रयोगांच्या संपूर्ण तपशिलासह, जगातील कोणाही अभ्यासकाने पडताळून पाहावे अशा रीतीने प्रसिद्ध झाले. पिसूच्या पचननलिकेत जंतूंचा बोळा अडकतो, भुकेने ती वारंवार चावते आणि चावताना जंतू बाहेर ओकते, हा शेवटचा दुवा १९१४ साली लिस्टर संस्थेतच बॅकॉट आणि मार्टिन यांनी जोडला. सिमाँ यांचा कराचीचा प्रयोग सोळा वर्षांनी पूर्णतेला गेला.

या यशाचे मोल ठरवताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्लेगने हिंदुस्थानात पहिल्या दोन दशकांतच सुमारे एक कोटी माणसे नेली. परळचे निष्कर्ष छापून निघत होते तेव्हाच, १९०७ साली, पंजाबात मृत्यूचे थैमान चालू होते. ज्ञान झाले म्हणून अंधारी, दाटीची घरे हवेशीर होत नाहीत, आणि गरिबाच्या कणगीतला उंदीर अहवाल वाचून निघून जात नाही. औषध सापडण्यास आणखी तीन दशके लागली; १९३२ पासून हाफकिन संस्थेचे संचालक असलेले साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी वागळे, दीक्षित व गणपती यांनी सल्फा औषधांचा प्लेगवरील गुण सिद्ध केला तेव्हा कोठे रोग्याला जगण्याची खात्रीची आशा मिळाली. १९०५ सालच्या मंडळाच्या अहवालात शेवटच्या ओळीत असलेली हिंदी नावे एका पिढीत पहिल्या ओळीत आली, हेही या परंपरेचेच फळ होय.

ती परंपरा पुढे पुण्यात गेली. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून तेथे विषाणू संशोधन केंद्र काढले, आणि १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली व पाठोपाठ माणसे तापाने फणफणली तेव्हा विषाणुतज्ज्ञ, गोचिडांचे अभ्यासक आणि पक्षिशास्त्रज्ञ एकत्रच तेथे गेले. रोगाचे पक्ष्यांशी काही नाते आहे काय, हे पाहण्यासाठी सलीम अलींच्या नेतृत्वाखाली नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचे काम हाती घेतले. लिस्टनने त्याच सोसायटीपुढे निबंध वाचला त्याला तेव्हा अर्धशतक उलटले होते.

नव्या साथी येतात तेव्हा प्रत्येक राष्ट्र आपली लस, आपला आकडा आणि आपला शोध पुढे करते. विद्यापीठांची नावे जोडून करार होतात आणि त्यालाच सहकार्य म्हणण्याची सवय जडते. १८९७ सालच्या मुंबईतही मोठी नावे आणि मोठ्या संस्था होत्याच. १९०५ साली त्यांत जी भर पडली ती अशी की एकाने सांगितलेले दुसऱ्याने स्वतः करून पाहावे, ते खोटे ठरल्यास पहिल्याने राग मानू नये, खरे ठरल्यास त्याचे श्रेय त्याला मिळावे, कीटक ओळखणाऱ्याला वैद्याच्या बरोबरीने आसन मिळावे, आणि ज्याच्या घरात रोग आहे त्याचा अनुभव पुराव्यात धरला जावा, असा शिरस्ता पडला. सिमाँ यांच्या बरणीतील सत्य १८९८ सालीही तितकेच खरे होते. ते मानले जाईपर्यंत जी माणसे गेली, त्यांच्या मृत्यूचा काही वाटा विद्वानांच्या वेगवेगळ्या बसण्याकडे जातो. म्हणून विद्यापीठांनी एकत्र बसण्याची, एकमेकांना पारखण्याची आणि लोकांचे ऐकण्याची घडी साथ नसताना घालून ठेवली पाहिजे, कारण साथ आल्यावर ती घालण्याइतका अवकाश कोणालाच मिळत नाही.